मदत हवी आहे: एम्प्टी यार्डबाहेरच्या हॉल्टिंगचा (गाडी अडकून राहिल्याच्या जादा भाड्याचा) पुरावा काय धरतात?

माझा स्वतःचा एक ४० फुटी ट्रेलर आहे. न्हावा शेवा ते चाकण इम्पोर्ट लोड घेतो आणि रिकामा कंटेनर उरणकडच्या यार्डात सोडतो. गेल्या महिन्यात दोन फेऱ्यांना यार्डबाहेरच्या रांगेत अनुक्रमे २२ आणि ३१ तास गेले. ट्रान्सपोर्टर म्हणतो, ईआयआरवर (कंटेनर यार्डात जमा केल्याच्या पावतीवर) गेट-इनची वेळ आहे, त्याआधीचं हॉल्टिंग मिळणार नाही. पण गाडी अडकते ती गेटच्या बाहेरच! बँकेचा हप्ता काही थांबत नाही, आणि ड्रायव्हरचा भत्ता मी खिशातून दिलाय.

माझ्याकडे जीपीएसचा रिपोर्ट, फास्टॅगच्या नोंदी आणि रांगेतून ट्रान्सपोर्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो आहेत. बिल्टीवर (माल वाहतुकीच्या पावतीवर) हॉल्टिंगचा दर लिहिलेला नाही, तोंडी ठरला होता. दोनदा ऑफिसात जाऊन आलो, ईमेलही केला. उत्तर एकच, "पार्टी (म्हणजे ज्याचा माल आहे तो) देत नाही." माझी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) या फेऱ्यांच्या आधीची आहे. मूळ भाडं मिळालंय, वाद फक्त हॉल्टिंगचा आहे. काम त्याच्याकडूनच येतं, त्यामुळे थेट वकिलाची नोटीस तूर्त नको.

लेखी करार नसताना फक्त हॉल्टिंगचं वेगळं बिल काढून एमएसएमई समाधानवर (लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर) कुणी दावा केलाय का? तिथे जीपीएसचा रिपोर्ट चालला का? आणि पुढच्या फेरीपासून बिल्टीवर नेमकं कोणतं वाक्य लिहून घेऊ, म्हणजे रांगेत लागल्यापासूनची वेळ मोजली जाईल?