लिनक्सवर तापमान, व्होल्टेज आणि पंख्याची गती कशी पाहावी? काट्यावरचा संगणक दुपारी बंद पडतो

बोरीकाठ (प्रश्न)

नमस्कार. अमळनेर तालुक्यातील एका जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या खोलीत डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली असलेला संगणक आहे. काट्याच्या पावत्या आणि शेतकऱ्यांचे हिशेब त्यावरच असतात. एप्रिल लागल्यापासून तो भर दुपारी कोणतीही सूचना न देता बंद पडतो. सकाळी मात्र त्याची काही तक्रार नसते. दोष उष्णतेचा आहे की विजेचा, हे कळावे म्हणून एलएम-सेन्सर्स हे मापे दाखवणारे सॉफ्टवेअर बसवले, पण «सेन्सर्स» ही आज्ञा दिल्यावर केवळ प्रोसेसरचे आणि एनव्हीएमई डिस्कचे तापमान दिसते. पंख्याची गती आणि व्होल्टेज बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) दिसतात, लिनक्समध्ये दिसत नाहीत. आमच्याकडे दुपारी वीज कधी मंद, कधी चढी असते. हे चढउतारही यात पाहता येतील का?

सातपुडा_पायथा

आपल्याला दिसणारे आकडे प्रोसेसर आणि डिस्क स्वतःच पुरवतात. पंखे आणि व्होल्टेज मोजण्याचे काम मदरबोर्डवरील सुपर आयओ नावाची वेगळी चिप करते. ती बहुधा नुव्होटॉन किंवा आयटीई या कंपनीची असते आणि तिचा ड्रायव्हर (चिपशी बोलणारा कर्नलचा भाग, म्हणजेच मॉड्यूल) बहुतेक वेळा आपोआप लोड होत नाही, म्हणून हे अर्धवट चित्र दिसते.

«सुडो सेन्सर्स-डिटेक्ट» चालवावे आणि प्रत्येक प्रश्नाला नुसते एंटर दाबावे, कारण ज्या तपासण्या जोखमीच्या आहेत त्यांचे ठरलेले उत्तर ‘नाही’ असेच ठेवलेले असते. अपवाद फक्त शेवटच्या प्रश्नाचा. सापडलेली मॉड्यूल्स ईटीसी या फोल्डरातील मॉड्यूल्स या फाइलीत लिहू का, असे तिथे विचारले जाते आणि तिथेही ठरलेले उत्तर ‘नाही’ असल्यामुळे ‘येस’ पूर्ण टाइप करावे लागते. अनेक जण इथेच एंटर दाबून मोकळे होतात आणि काहीच बदलले नाही म्हणून वैतागतात. नुव्होटॉनची चिप निघाल्यास «सुडो मॉडप्रोब एनसीटी६७७५» पुरते; नावात एकच क्रमांक असला तरी हा ड्रायव्हर त्या कुळातील अनेक चिप चालवतो. आयटीईसाठी आयटी८७ हे मॉड्यूल आहे.

मॉड्यूल लोड होण्यास नकार मिळाला, तर «डीमेसेज» मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, एसीपीआयशी (फर्मवेअर आणि लिनक्स यांच्यातील दुव्याशी) संघर्ष झाल्याची ओळ शोधावी. बोर्डचे फर्मवेअर त्याच पत्त्यांवर हक्क सांगत असल्यास कर्नल ड्रायव्हरला अडवतो. कर्नलला acpi_enforce_resources=lax हा पर्याय, म्हणजे ‘एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस’ चे मूल्य ‘लॅक्स’, दिल्यास अडवणूक उठते; पण मग फर्मवेअर आणि ड्रायव्हर दोघेही एकाच वेळी चिपला हात घालू शकतात. आकडे पाहण्यापुरते मी ते चालवून घेईन, पंखे नियंत्रित करण्यासाठी नाही.

भुसावळकर

विजेच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे गैरसमज होण्याची शक्यता आहे. ही चिप एसएमपीएसमधून (संगणकातील वीजपुरवठ्याच्या डब्यातून) बाहेर पडणारे १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे डीसी दाब मोजते. भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज मंद आहे की चढी, हे तिला दिसत नाही. चांगला एसएमपीएस ते चढउतार आतच जिरवतो. त्यासाठी यूएसबी केबल असलेला यूपीएस घेऊन नट या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याचे इनपुट व्होल्टेज वाचावे, अर्थात तो यूपीएस हा आकडा देत असेल तर.

ड्रायव्हर लोड झाल्यावर व्होल्टेजचे आकडे पाहून दचकू नये. नुव्होटॉनच्या या चिप साधारण २ व्होल्टपर्यंतच थेट मोजू शकतात, म्हणून बोर्ड बनवणारे १२ व्होल्टची ओळ दोन रोधकांमधून विभागून चिपपर्यंत नेतात. परिणामी ‘इन१’ समोर १ व्होल्टच्या आसपासचा आकडा दिसू शकतो. रोधकांचे प्रमाण प्रत्येक बोर्डवर निराळे असते आणि ड्रायव्हरला ते ठाऊक नसते. बायोसमधील आकड्याशी ताडून गुणक काढावा आणि ईटीसीमधील सेन्सर्स.डी या फोल्डरात स्वतःची फाइल करून चिपच्या नावाखाली «कम्प्यूट इन१ @*१२, @/१२» अशी ओळ लिहावी. पहिले सूत्र वाचलेल्या आकड्यासाठी असते आणि दुसरे मर्यादा लिहिताना उलट हिशेबासाठी. मूळ सेन्सर्स३.कॉन्फ मध्ये बदल करू नये, कारण पॅकेज अद्ययावत होताना त्यावरून नाहक गोंधळ होतो.

एटीएक्स या वीजपुरवठ्याच्या मानकानुसार या तिन्ही दाबांना साधारण ५ टक्के सूट धरतात, म्हणजे १२ व्होल्टची ओळ ११.४० ते १२.६० मध्ये असावी. आकडा याबाहेर दिसला तरी एसएमपीएस बदलण्याआधी मल्टिमीटरने खात्री करावी.

बोरीकाठ

दोघांचेही आभार. एनसीटी६७७५ लोड झाले आणि पंख्यांची गतीही दिसू लागली. १२ व्होल्टचा आकडा गुणक लावल्यावर ११.९ च्या आसपास स्थिर आहे. मात्र ‘ऑक्सटिन’ नावाच्या एका तापमानासमोर १२७ अंश दिसत आहेत. हे खरे असेल तर यंत्र जळायला हवे होते.

सातपुडा_पायथा

त्या पायाला बोर्डवर तापमापकच जोडलेला नसावा, त्यामुळे चिप टोकाचा आकडा दाखवते. त्याच फाइलीत «इग्नोर» लिहून पुढे ‘सेन्सर्स -यू’ मध्ये दिसणारे त्या मापाचे मूळ नाव, उदाहरणार्थ ‘टेम्प३’, द्यावे. ते पुन्हा दिसणार नाही.

खरा आकडा प्रोसेसरचा. कोअरटेम्प हा ड्रायव्हर कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत हे वाचून तापमान काढतो, म्हणून थंड प्रोसेसरचा आकडा ढोबळ असतो आणि मर्यादेजवळ तो विश्वासार्ह होत जातो. दर मिनिटाला «सेन्सर्स» चा निकाल वेळेसह एका फाइलीत जोडत राहावा. यंत्र बंद पडल्यावर तिच्या शेवटच्या ओळी पाहाव्यात आणि «जर्नलसीटीएल -के -बी -१» मध्ये प्रोसेसरची गती तापमानामुळे कमी केल्याच्या नोंदी शोधाव्यात. प्रोसेसर बंद होण्यापूर्वी आधी गती कमी करतो. शेवटची ओळ ६० अंशांची असेल आणि अशी एकही नोंद नसेल, तर संशय विजेवर घ्यावा.

पांझरा_धुळे

यात पंखे आपोआप चालवण्यासाठी फॅनकंट्रोल हा प्रोग्राम वापरण्याचा मोह होईल, म्हणून लिहितो. त्याची मांडणी करणारी «पीडब्ल्यूएमकॉन्फिग» ही आज्ञा एकेक पंखा थांबवून पाहते, त्यामुळे ती दुपारी ४४ अंशांत न चालवता पहाटे चालवावी. ‘मिनटेम्प’ आणि ‘मॅक्सटेम्प’ (पंख्याची गती ज्या तापमानांवर ठरते त्या किमान आणि कमाल मर्यादा) चे आकडे इंटरनेटवरून उचलू नयेत. थंड देशातल्या खोलीसाठी ठरवलेले आकडे आपल्याकडे लागू पडतीलच असे नाही. हार्डवेअर मॉनिटरचे एचडब्ल्यूमॉन१, एचडब्ल्यूमॉन२ हे क्रमांकही यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. तसे झाल्यास फॅनकंट्रोल सुरूच होत नाही, जे एका परीने बरेच आहे. माझे मत विचाराल तर बायोसमधील पंख्याची चढण थोडी उंच करावी आणि हे प्रकरण तिथेच ठेवावे.

जिनिंगमध्ये याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. हंगाम हिवाळ्यात असतो, तेव्हा उडणारी रुई हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता काढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये अडकून तिचा थर बसतो. त्या दिवसांत हवाच थंड असल्यामुळे काही जाणवत नाही आणि त्रास उन्हाळ्यात सुरू होतो. पंख्याची गती भरपूर असूनही तापमान चढत असेल, तर पंखा काढून पात्यांच्या मधली जागा पाहावी. हवेच्या झोताने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे बेअरिंगला इजा होणार नाही.

बोरीकाठ

कालच्या नोंदीत बंद पडण्याआधी ९८ अंश आणि पंखा पूर्ण गतीवर, असे दिसत आहे. गती कमी केल्याच्या नोंदीही आहेत. पंखा उतरवला तेव्हा खाली रुईचा नमद्यासारखा थर निघाला. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा लेप) अमळनेरमध्ये मिळाली नाही, ती जळगावहून मागवली आहे. नोंदीची फाइल तोवर चालूच ठेवतो.