लांब पळताना २५ किमीनंतर पोट बिघडतंय, फुल मॅरेथॉन करू की नको?

पायवाट:
नमस्कार मंडळी, पहिली फुल मॅरेथॉन पाच आठवड्यांवर आलीये, पाय आणि दम दोन्ही व्यवस्थित आहेत पण पोट साथ देत नाहीये. २० किमीपर्यंत काही म्हणजे काही होत नाही, मग हळूहळू डचमळायला लागतं, पोट फुगतं, गुडगुड सुरू होते आणि २५-२६ च्या आसपास ओटीपोटात अशी कळ येते की पळणं सोडा, सरळ उभंही राहवत नाही, लगेच जावंच लागतं. घरी आल्यावरही बराच वेळ मुरडा मारत राहतो. पोट माझं आधीपासून नाजूकच आहे, टेन्शन आलं की सकाळी दोन-तीनदा जावं लागतं, पण छोट्या रनला असं कधी होत नाही. सध्या दर ४० मिनिटांनी एक एनर्जी जेल (पळताना ताकदीसाठी घ्यायची साखरेची घट्ट पेस्ट) घेतो आणि बाटलीत स्पोर्ट्स ड्रिंक असतं, तासाला साधारण अर्धा लिटर संपतं, साधं पाणी वेगळं नसतं. ग्रुपमध्ये कोणी म्हणतं काहीच न खाता पळ, कोणी म्हणतं सुरू करायच्या आधी एक पेनकिलर आणि एक जुलाब थांबवायची गोळी घेऊन टाक. मला रेस सोडायची नाहीये, खूप मनापासून तयारी केलीये, पण एवढ्या लोकांत मध्येच काही झालं तर, ही भीती डोक्यातून जात नाही. असा त्रास असताना कोणी पूर्ण पळलंय का?

लांबपल्ला:
पळणाऱ्यांत हा त्रास खूप जणांना असतो, फक्त कोणी उघड बोलत नाही, त्यामुळे विचारलंत ते फार बरं केलंत. जोरात पळताना शरीर रक्त पायांकडे आणि अंग थंड ठेवायला कातडीकडे वळवतं, आतड्यांच्या वाट्याला फार कमी येतं, एकदम जोर लावला तर नेहमीपेक्षा ८० टक्क्यांपर्यंतही कमी. अशा अवस्थेतल्या पोटात आपण साखर ओतत असतो. आता तुमचाच हिशोब करून बघू. एका जेलमध्ये साधारण २५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, म्हणजे साखर-स्टार्च) असतात, ४० मिनिटांना एक म्हणजे तासाला ३७ ग्रॅमच्या आसपास, आणि स्पोर्ट्स ड्रिंक साधारण ६ टक्क्यांचं असतं म्हणजे अर्ध्या लिटरमधून अजून ३०. झाले की नाही ६७. जेल आणि ड्रिंक दोन्ही नुसत्या ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचे (स्टार्चपासून बनवलेलं, पोटात ग्लुकोजच होणारं) असतील तर आतडं तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषून घेऊ शकतं, उरलेलं आत पडून राहतं, पाणी ओढून घेतं, आणि मग फुगणं, गुडगुड, कळ, जुलाब, तुम्ही लिहिलंय अगदी त्याच क्रमाने. पहिल्या २० किमीत काही होत नाही कारण ते साठायला वेळ लागतो.

म्हणून जेल कधीही स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर घेऊ नका, साध्या पाण्याबरोबरच घ्या, चार-पाच मोठे घोट तरी, आणि जेल एका दमात न पिळता एक-दीड किमीभर थोडं थोडं. पुढच्या लॉन्ग रनला तासाला ४०-४५ ग्रॅमवर या, पोट शांत राहिलं तर हळूहळू वाढवा. पाकिटामागचं लेबल वाचा, ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज असेल तर ते आतड्यात वेगळ्या वाटेने शोषलं जातं म्हणून सवय असलेले लोक तासाला ९० ग्रॅमपर्यंतही जातात, पण नुसतं फ्रुक्टोज जास्त झालं तर अनेकांना उलट त्रास होतो. लेबलच्या शेवटी सॉर्बिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) वगैरे लिहिलेलं दिसलं तर ते पाकीट सरळ बाजूला ठेवा. आणि रिकाम्या पोटी ४२ किमीचा सल्ला अजिबात ऐकू नका, ३० च्या पुढे शरीरातली साखर संपली की पाय उचलणार नाहीत. पोटालासुद्धा पायांसारखी ट्रेनिंग लागते आणि पाच आठवड्यांत बराच फरक पडतो.

ओपीडीनंतर:
मी डॉक्टर आहे आणि स्वतः पळते, त्यामुळे गोळ्यांबद्दल स्पष्ट लिहिते. रेसच्या आधी किंवा पळताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची पेनकिलर घेऊ नका. आतड्याला आधीच रक्त कमी मिळतंय, त्यात या गोळ्या आतल्या अस्तराला अजून इजा करतात, आणि घाम जाऊन पाणी कमी झालेलं असताना किडनीवर ताण येतो तो वेगळाच. ग्रुपमध्ये लोक ती चॉकलेटसारखी वाटतात हे बघून मला खरंच काळजी वाटते.

जुलाब थांबवायची लोपरामाइड, ती काही जण डॉक्टरांना विचारून घेतात, पण आधी ट्रेनिंगमध्ये न वापरता थेट रेसच्या दिवशी पहिल्यांदा नाही, आणि अंगात ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर मुळीच नाही. रेसच्या आदल्या दोन दिवसांत ताप, उलट्या, पाण्यासारखे जुलाब झाले तर तो पळण्यामुळे होणारा पोटाचा त्रास नाही, ते इन्फेक्शन असू शकतं, तेव्हा ओआरएस घेत पडून राहायचं आणि ती रेस सोडायची, माझं याबाबत दुसरं मत नाही. पळून आल्यावर शौच काळं किंवा लाल दिसलं, किंवा न पळताही वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, तर आधी तपासून घ्या.

अजून एक, जुलाब झाले म्हणून घाबरून दिसेल त्या एड स्टेशनला (रस्त्यावरच्या पाणी-मदतीच्या टेबलाला) ग्लासवर ग्लास पाणी पिऊ नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम (रक्तातलं मीठ) कमी निघालं होतं, आणि पळताना वजन वाढलेल्यांत, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्यांत, ते जास्त आढळलं. तहान लागेल तसं प्या.

सावकाश:
मला आयबीएस (टेन्शनने किंवा खाण्याने वारंवार बिघडणाऱ्या आतड्यांचा जुना त्रास) आहे आणि मी फुल पूर्ण केलीये, त्यामुळे धीर सोडू नका. वरचं सगळं पटलं, मी फक्त रोजच्या वापरातलं सांगते. रेसच्या आधीचे दोन दिवस मी कडधान्यं, कच्चं सॅलड, कांदा-लसूण, दूध, सफरचंद बंद करते, साधा भात, बटाटा, केळं, अंडं एवढ्यावर राहते, भाज्या चुकल्या म्हणून दोन दिवसांत काही बिघडत नाही. सकाळी स्टार्टच्या तीन तास आधी उठून खाते, कारण मला पोट साफ व्हायला वेळ आणि शांतता लागते, घाई केली की तेच पोट बरोबर १० किमीला आठवण करून देतं. कॉफीने माझं पोट लगेच हलतं म्हणून ती घरीच, उठल्या उठल्या, नंतर नाही.

कोर्सचा नकाशा बघून टॉयलेट कितव्या किमीला आहेत ते मी बिबच्या (छातीवर लावायच्या रेस नंबरच्या कागदाच्या) मागे पेनाने लिहून ठेवते, छोट्या झिप पिशवीत टिश्यू आणि सॅनिटायझर शॉर्ट्सच्या मागच्या खिशात. बहुतेक वेळा काहीच लागत नाही पण ते जवळ आहे म्हटलं की डोकं शांत राहतं, आणि डोकं शांत तर पोट निम्मं शांत, हे टेन्शनने पोट हलणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाटलीचा बेल्ट पोटावर आवळून बांधत असाल तर तोही बघा, मी तो खाली कमरेच्या हाडावर घेतला आणि डचमळणं कमी झालं. आणि फजितीचं म्हणाल तर ब्रिटनची नामांकित धावपटू पॉला रॅडक्लिफ हिला २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये पोटाच्या त्रासामुळे सगळ्यांसमोर रस्त्याच्या कडेला बसावं लागलं होतं, ती उठली आणि २:१७:४२ मध्ये ती रेस जिंकली. आपल्याला तर एवढे कॅमेरे बघत पण नसतात.

पायवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचून खूप हलकं वाटलं. जेलचं लेबल बघितलं, नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन आहे. कालच्या लॉन्ग रनला जेल साध्या पाण्याबरोबर, ड्रिंक पूर्ण बंद, बेल्ट खाली, आणि पेसही थोडा कमी ठेवला. २८ किमी झाले, शेवटी थोडी गुडगुड होती पण कळ आली नाही आणि थांबावंही लागलं नाही. पेनकिलरचा विषय संपला. आता एकच विचारायचंय, एवढं करूनही रेसमध्ये कळ आलीच तर त्या क्षणी काय करायचं?

लांबपल्ला:
२८ मस्त! कळ आली की लगेच चालायला लागा, बेल्ट सैल करा, श्वास लांब सोडत दोन-तीन मिनिटं चाला, त्या वेळात जेल नाही, फक्त पाण्याचा एखादा घोट. पेस कमी झाला की रक्त आतड्यांकडे परत जातं आणि बऱ्याचदा कळ तिथेच ओसरते. जायची घाई वाटत असेल तर रोखून धरू नका, पुढचं टॉयलेट गाठा, पाच मिनिटं गेली तर जाऊ देत, पहिल्या फुलला टायमिंगचं काय घेऊन बसलात. नंतर २० मिनिटांनी अर्ध्या जेलपासून परत सुरू करा. कळ ओसरतच नसेल, चक्कर येत असेल किंवा उलट्या सुरू झाल्या तर मात्र मेडिकल टेंटमध्ये जा, आणि बिबच्या मागे घरच्या माणसाचा फोन नंबर लिहायला विसरू नका.