पन्नाशीनंतर पोर सांभाळू नये म्हणे!

वडगावची आक्का: काल इथं एकानं लिहिलं, "पन्नाशी उलटलेल्यांनी फॉस्टरला, म्हणजे दत्तक न घेता घरी सांभाळायला, पोर घेऊ नये, पोराला आई पाहिजे, आज्जी नको." डोकंच फिरलं. मी बावन्नची, एकटी. नऊ वर्षांची पोर सांभाळतेय. माझी धाकटी बहीण निपाणीला तंबाखूच्या वखारीत राबली, तिला आज जिना चढवत नाही. मी पोरीमागं राजहंसगड चढते. न्यूझीलंडात डुनेडिनला एकाच साली जन्मलेल्या लोकांना तपासलं, ३८ वर्षांच्यांची शरीरं कुणाची २८ची, कुणाची ६१ची निघाली. आता म्हातारं कुणाला म्हणायचं?

खानापूरचा बाळू: मीच लिहिलंय ते. न्यूझीलंड राहू दे. पोर अठराची होईल तेव्हा तुम्ही एकसष्टच्या. केंद्राच्या २०२४च्या फॉस्टर नियमांनी एकट्या माणसाला मुभा दिली, पण साठीपर्यंतच. ते काय उगाच? मला आज्जीनं वाढवलं. दहावीच्या वर्षी मीच तिला आंघोळ घालत होतो.

आक्का: वाईट वाटलं बाबा. पण त्याचा राग माझ्या पोरीवर का? तुझ्या आज्जीकडं कोण फिरकलं होतं? इथं बालकल्याण समितीनं दर महिन्याला घर बघायचं, असं कायद्यातच आहे.

निपाणीकर: वयाचं सोडा ओ. आमच्या ह्यांनी अर्ज केला तर सगळे कागद कन्नडात! सही कशावर केली देव जाणे.

शहापूरचा अण्णा: आला सीमाप्रश्न! जन्म इथं गेला, कन्नड वाचायला काय होतंय?

निपाणीकर: तालुक्यात १५ टक्के मराठी असले की महत्त्वाच्या सूचना मराठीत द्यायच्या, हे दिल्लीनंच ठरवलंय. फुकटची भीक नाही मागत.

अण्णा: मग दिल्लीलाच जा की सही करायला!

निपाणीकर: तोंड सांभाळून बोला.

आक्का: अवो, भांडण दुसरीकडं न्या. माझी पोर कन्नड शाळेत जाते, माझे कागद तीच वाचून दाखवते.

बाळू: बघा, कोण कुणाला सांभाळतंय! वर पोरीसाठी सरकारकडनं महिन्याला ४००० मिळतात.

आक्का: चार हजारात शाळेची रिक्षा, दूध, डॉक्टर भागवून दाखव. उरले तर तुलाच मनिऑर्डर करते.

बाळू: बरं बाई, गड चढता, मान्य. सत्तरीत चढलात की फोटो टाका.

निपाणीकर: आणि आमच्या कागदांचं?