‘स्लीपर’ला मराठीत काय म्हणावं?

कोरीपाटी: अमेरिकन लेखक थोरोचं ‘वॉल्डन’ (1854) वाचतोय, तळ्याकाठी एकटं राहिल्याची त्याची हकिकत. दुसऱ्या प्रकरणात तो विचारतो, रुळांखालचे लाकडी स्लीपर म्हणजे कोण, ठाऊक आहे का? एकेक स्लीपर म्हणजे एकेक माणूस, आयरिश नाहीतर यँकी, म्हणजे तिथलाच अमेरिकन. पुढे त्यांना ‘साउंड स्लीपर्स’ म्हणतो. मी ‘ओंडके’ लिहून पाहिलं, कोटी जागीच मेली.

गँगमनची नात: ओंडका चुलीत जातो हो! आजोबा स्लीपरच म्हणायचे. शिवाय ‘साउंड’चे दोन अर्थ: गाढ झोपलेला आणि न कुजलेला. आपल्याकडे झोप गाढ असते, लाकूड भक्कम. एका शब्दात दोन्ही बसवणं कठीण.

ओसरी: ‘आडवे’ कसं वाटतं? ‘रुळांखाली आडवी पडलीत ती माणसंच.’ दमलेला माणूस आडवा होतो, लाकूड आडवं टाकतात, आणि एखाद्याला आडवा केला म्हणजे काय ते सांगायला नको. थोरोला हा तिसरा अर्थही हवाच होता. आपण रेल्वेवर स्वार नाही, रेल्वे आपल्यावर स्वार आहे, हे त्याचं वाक्य तिथलंच.

कोरीपाटी: झकास! म्हणजे त्याला मजुरांचा कळवळा होता तर.

ओसरी: इतकं सरळ नाही. 1845 साली तळ्याकाठी घर बांधताना त्याने फळ्यांसाठी जेम्स कॉलिन्स या आयरिश माणसाचं खोपटं सव्वाचार डॉलरला घेतलं. हा कॉलिन्स तिथल्याच फिचबर्ग रेल्वेवर कामाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते कुटुंब थोरोला रस्त्यात भेटलं. एका गाठोड्यात सगळा संसार: अंथरूण, कॉफी दळायचं यंत्र, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढी रानात पळाली. हे तो इतक्या कोरडेपणाने सांगतो की मला त्याचा रागच येतो. स्लीपर झालेल्या माणसाच्याच फळ्यांवर याचं घर उभं! पण पुस्तकाचा रोख दयेवर नाहीच, जागं करण्यावर आहे. शेजाऱ्यांना उठवायला मी कोंबड्यासारखा आरवणार, असं तो आधीच बजावतो. म्हणून स्लीपर जागेवर ठेवायला दर पाच मैलांना एक गँग लागते, याचा त्याला आनंद होतो. कधीतरी ते उठतील, याची ती खूण.

गँगमनची नात: आजोबा म्हणायचे, ‘आज इतके स्लीपर बसवले.’ झोपणारा आमच्याकडे निदान बसला तरी!