मदत हवी आहे: यूकेतली छोटी फर्म स्पॉन्सर लायसन्स काढायला कचरतेय, बॉसना कसं पटवावं?

मिरजेची:

नमस्कार मंडळी,

मी मूळची मिरजेची. सांगलीला बीई सिव्हिल, मग लीड्सला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एमएससी. सध्या ग्रॅज्युएट व्हिसावर (इथलं शिक्षण संपल्यावर काम करायला मिळणारा व्हिसा) इथल्याच एका छोट्या कन्सल्टन्सीत आहे. व्हिसा ऑगस्ट २०२६ अखेर संपतोय. त्याला मुदतवाढ मिळत नाही, म्हणजे त्याआधी स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, जायला हवं आणि त्यासाठी कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस कामावर ठेवायचा सरकारी परवाना, हवं. आमच्या फर्मकडे ते नाही. पंधरा-सोळा माणसांची फर्म, कधी गरजच पडली नाही. २०२० संपेपर्यंत युरोपातली माणसं तशीच घेता यायची, आणि त्यानंतर बाहेरची म्हणून मीच पहिली.

बॉस सरळ नाही म्हणाले असते तर मी मन घट्ट करून दुसरीकडे बघायला लागले असते. पण त्यांना मी हवी आहे. आमच्याकडे जुन्या कापड गिरण्यांचं काम खूप येतं. ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स या पट्ट्यात दगडी गिरण्या आहेत, त्यांचे आता फ्लॅट होतायत. आत ओतीव लोखंडाचे पोकळ खांब असतात. ओतताना आतला गाभा जरासा सरकला असेल तर खांबाची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला अगदी पातळ निघते. बाहेरून रंगवलेला खांब बघून काही कळत नाही. म्हणून प्रत्येक खांब चारी बाजूंनी अल्ट्रासॉनिकने मोजायचा, नोंद ठेवायची आणि पातळ बाजू धरून गणित करायचं. हे काम आता जवळजवळ सगळं माझ्याकडे आहे आणि चालू गिरणीचं काम पुढच्या वर्षापर्यंत जाणार आहे. मी मधेच गेले तर ते कुणाकडे द्यायचं, हे त्यांनाही सुचत नाहीये.

तरी घोडं अडलंय. ओळखीच्या एका वकिलाने त्यांना सगळं मिळून दहा हजार पौंडांच्या घरात जाईल असं सांगितलंय. शिवाय लायसन्स काढलं की होम ऑफिस (इथलं गृहखातं) कायम डोक्यावर बसणार आणि एखादा कागद चुकला की फर्म अडचणीत येणार, अशी धास्ती. आधी जाहिरात देऊन ब्रिटिश उमेदवार मिळत नाही हे सिद्ध करावं लागतं, असंही ते म्हणाले. मला वाटतं तो नियम गेलाय. पण यात माझा स्वार्थ आहे, त्यामुळे माझ्या सांगण्याला त्यांच्या लेखी किती वजन असणार?

पगाराचाही प्रश्न आहे. मला सध्या वर्षाला ३१,००० पौंड मिळतात. स्किल्ड वर्कर व्हिसाची ४१,७०० पगाराची अट वाचून पोटात गोळा आला. तेवढा पगार हे मला देणार नाहीत, आणि मागायला मला तोंडही नाही.

आणि आता जे सांगतेय त्याने रात्री झोप लागत नाही. ओळखीच्या ओळखीतून एका माणसाचा फोन आला. बारा हजार पौंड दिले तर दुसऱ्या एका कंपनीतून सीओएस, म्हणजे स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र, काढून देतो म्हणाला. काम तिथे करायचं नाही, फक्त कागदावर. मला हे नको आहे. पण घरी विषय निघाला आणि बाबा म्हणाले, "प्लॉट विकू, तू परत येऊ नकोस." शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचंय, त्यामुळे त्यांची घालमेल मला कळते. त्यांना काय सांगू?

छोट्या फर्मला लायसन्स काढायला लावलंय असं कुणी इथे आहे का? खरा खर्च किती, त्यातला मी किती उचलू शकते, वेळ किती लागतो आणि बॉसशी बोलताना सुरुवात कुठून करावी, एवढं सांगा. वकिलाकडे जाणारच आहे, पण आधी नीट समजून घ्यायचंय.

लेस्टरकर:

ताई, बाकीचं नंतर. तो फोन नंबर आधी ब्लॉक कर.

सीओएस विकणं हा सरळ गैरव्यवहार आहे. मी ज्या भागात राहतो तिथे केअर होमच्या नावाखाली हे होताना जवळून पाहिलंय. पैसे घेतात, कागद देतात, पुढे होम ऑफिसची धाड पडते आणि कंपनीचं लायसन्स जातं. मग व्हिसाधारकाच्या हातात साधारण ६० दिवस उरतात: तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. दिलेले पैसे कुणाकडे मागणार? ज्या कंपनीत काम करत नाही तिच्या नावावर व्हिसा घेतला हे उघड झालं तर फसवणुकीचा शिक्का तुझ्या नावावर बसतो, आणि पुढे इतर देशांच्या अर्जांतही व्हिसा नाकारला होता का, हा प्रश्न असतोच.

बाबांना हेच सांग, आडपडदा न ठेवता. प्लॉटही जाईल आणि मुलगीही परत येईल, तीही डाग लागून. वडीलधारी माणसं घाबरलेली असतात, त्यांना कुणीतरी ठामपणे सांगावं लागतं. माझ्याशी बोलायचं असेल तर मी बोलतो त्यांच्याशी.

आकडेमोड:

मी इथे छोट्या कंपन्यांचे हिशेब बघतो, म्हणून खर्चाचं तेवढं सांगतो. आजचे, म्हणजे फेब्रुवारी २०२६ चे दर धरले आहेत. फी बहुधा एप्रिलमध्ये बदलते, तेव्हा भरायच्या दिवशी सरकारी पानावर आकडा पुन्हा बघा.

तुमची फर्म "स्मॉल स्पॉन्सर" मध्ये बसेल असं दिसतं. उलाढाल, ताळेबंद आणि ५० पर्यंत कर्मचारी या तीन निकषांपैकी दोन पूर्ण व्हावे लागतात. तसं असेल तर लायसन्सची फी ५७४ पौंड, सीओएसची ५२५. त्यावर इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे बाहेरचा माणूस ठेवल्याबद्दल मालकाने भरायचा कर, छोट्या फर्मला वर्षाला ४८०. हा दर डिसेंबर २०२५ मध्येच वाढला. दोन वर्षांचा व्हिसा धरला तर मालकाचा सरकारी खर्च २,०५९ पौंड. दहा हजार कुठून आले ते मी ताडून बघितलं. मोठ्या कंपनीचे दर लावा, १,५७९ लायसन्सचे आणि १,३२० वर्षाला स्किल्स चार्ज, त्यात पाच वर्षं धरा, की ८,७०४ होतात. वर वकिलाची फी. म्हणजे वकिलाने बहुधा चुकीच्या रकान्यातून हिशेब केला.

तुमचा स्वतःचा खर्च: यूकेतूनच बदलताना तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाला ८८५, आणि हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे) वर्षाला १,०३५. दोन वर्षांचे मिळून २,९५५. हे कंपनीने भरलं तर उत्तम, पण तुम्ही भरलं तरी नियमात बसतं. उलट लायसन्स, सीओएस आणि स्किल्स चार्ज हे पैसे मालकाने तुमच्याकडून घ्यायचे नाहीत, पगारातून कापायचेही नाहीत. तुम्ही आपणहून "मी भरते" म्हणालात तरी त्यात फर्मचंच लायसन्स धोक्यात येतं. हे बॉसना आवर्जून सांगा, कारण चांगल्या मनाने अशी तडजोड करायला जातात आणि अडकतात.

पगाराचं ऐका. ४१,७०० ही सर्वसाधारण अट. ग्रॅज्युएट व्हिसावरून येणारे "न्यू एन्ट्रंट" धरले जातात. त्यांना किमान ३३,४०० आणि त्या कामाच्या गोइंग रेटच्या, म्हणजे सरकारने त्या कामासाठी ठरवलेल्या पगाराच्या, ७० टक्के, यातली जी रक्कम मोठी ती लागते. तुमच्या कामाचा सरकारी कोड बहुधा २१२१, सिव्हिल इंजिनिअर्स. आज तुम्ही २,४०० पौंडांनी मागे आहात. ओव्हरटाइम आणि बोनस यात मोजत नाहीत, मूळ पगारच तेवढा हवा.

पण ही सवलत कायमची नाही. न्यू एन्ट्रंट म्हणून एकूण चारच वर्षं मिळतात आणि ग्रॅज्युएट व्हिसाचा काळ त्यात धरला जातो. म्हणजे तुमच्याकडे साधारण दोन वर्षं राहिली. २०२८ मध्ये मुदत वाढवताना पूर्ण दर लागेल, तोही तेव्हाचा. हे बॉसपासून लपवू नका. आत्ताच बोलून ठेवा की तुम्ही चार्टर्ड इंजिनिअर होण्याच्या मार्गावर आहात आणि दोन वर्षांत पगार कसा चढेल. त्यांना आज २,४०० पटतील आणि उद्या एकदम आठ-दहा हजारांचा धक्का बसेल, तर तुमचं दोन वर्षांनी पुन्हा हेच होईल.

कोथरूड ते केंट:

मी एका वीस माणसांच्या डिझाइन फर्ममध्ये ऑफिस सांभाळते. आमचं लायसन्स मीच काढलंय, तेव्हा बॉसच्या धास्तीबद्दल मी बोलू शकते.

जाहिरातीचा नियम डिसेंबर २०२० मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसा सुरू झाला तेव्हाच गेला. अमेरिकेसारखी सोडतही इथे नाही. दर चार वर्षांनी लायसन्सचं नूतनीकरण करावं लागायचं, तेही एप्रिल २०२४ पासून बंद झालं. बॉसना हे आपल्या शब्दांत सांगू नकोस, सरकारी पान उघडून दाखव. आमच्याकडे त्यानेच फरक पडला.

अर्ज ऑनलाइन असतो. त्यानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत कागद ईमेलने पोचायला हवेत, आणि इथेच लोक गोंधळतात. निदान चार कागद ठरलेल्या यादीतले लागतात. बँक, पीएवायई (पगारातून कर कापण्याची नोंदणी), व्हॅट नोंदणी, ऑफिसचा भाडेकरार असे. किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमाही हवा. आमच्या विमा कंपनीने प्रमाणपत्रावर फर्मचं जुनं नाव छापलं होतं. ते बदलून घेण्यातच माझा जीव टांगणीला लागला. म्हणून सगळे कागद आधी फोल्डरमध्ये गोळा करा, नावं-पत्ते अक्षर न् अक्षर जुळवा, मगच "सबमिट" दाबा. अर्ज फेटाळला गेला तर बऱ्याचदा सहा महिने पुन्हा करता येत नाही, आणि तुझ्याकडे सहा महिने नाहीत.

डोक्यावर बसण्याबद्दल: हो, अधिकारी न सांगता येऊ शकतात. पण बघतात काय? तुझी फाइल. राइट टू वर्क तपासणी (तुला इथे काम करायची परवानगी आहे याची), करार, पगाराच्या स्लिपा, रजेची नोंद, चालू पत्ता. काही बदललं, म्हणजे पगार कमी केला, कामाचं स्वरूप बदललं किंवा सलग दहा कामाचे दिवस न सांगता गैरहजर राहिलीस, तर दहा कामकाजाच्या दिवसांत होम ऑफिसच्या स्पॉन्सर पोर्टलवर कळवायचं. ज्या फर्ममध्ये रजेचं साधं स्प्रेडशीट नीट आहे तिला हे जड नाही. नसेल तर आजच सुरू करायला सांग.

कामाचं वर्णन मात्र खरंखुरं लिहा. कोडच्या वर्णनातून उचललेली वाक्यं त्यांना लगेच ओळखू येतात. तू ते खांबाचं जसं इथे लिहिलंस ना, अगदी तसं लिही. ते वाचून या मुलीची गरज का आहे हे कुणालाही कळेल.

वेळेचं गणित: लायसन्सला बहुतेकदा आठ आठवड्यांच्या आत उत्तर येतं. तू इथेच असल्यामुळे "अनडिफाइन्ड" सीओएस लागतं. लायसन्सच्या अर्जातच पहिल्या वर्षी अशी किती लागतील ते विचारतात, तिथे शून्य लिहून बसू नका. व्हिसाचा अर्ज जुना व्हिसा संपण्याआधी गेला की निर्णय येईपर्यंत तू इथे राहू शकतेस, काम करू शकतेस. पण लायसन्सचा अर्ज प्रलंबित आहे, याने असं कुठलंच संरक्षण मिळत नाही. म्हणून एप्रिल उलटू देऊ नका.

नदीपलीकडे:

वरचे सगळे प्रतिसाद उत्तम. फक्त एवढंच की सगळी भिस्त एकाच बॉसवर ठेवू नका. लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी सरकार रोज अद्ययावत करतं, स्प्रेडशीट उतरवून घेता येते. लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर गाळा आणि जुन्या इमारतींचं काम करणाऱ्यांना थेट लिहा. ओतीव लोखंडाचा अनुभव असलेले तरुण इंजिनिअर त्यांनाही सहज मिळत नाहीत. बॉसशी बोलणी चालू असताना हे करणं म्हणजे बेइमानी नव्हे.

सल्लागार निवडताना तो सॉलिसिटर आहे किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला आहे, हे तपासा. नोंदणी नसताना इथे इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे.

मिरजेची:

सगळ्यांचे मनापासून आभार. लेस्टरकर दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "नको तसलं काही." प्लॉटचा विषय संपला.

आकडेमोड यांचा हिशेब एका पानावर मांडून बॉसना दिला, २०२८ च्या पगारासकट. २,०५९ चा आकडा त्यांनी दोनदा वाचला आणि मलाच विचारलं, "मग बाकीचे आठ हजार कसले?" विम्याचं प्रमाणपत्र त्यांनी लगेच मागवलंय. पगाराबद्दल भागीदाराशी बोलून या आठवड्यात सांगतो म्हणाले. अजून हो म्हणालेले नाहीत. दोन कंपन्यांना मीही लिहिलंय.

एक शेवटचं. पोर्टल कोण सांभाळणार, असं त्यांनी विचारलं. ऑफिसची अशी कामं एरवी मीच करते. मी सांभाळू का? आमची ऑफिस मॅनेजर ब्रिटिश आहे, पण ती अर्धवेळ असते.

कोथरूड ते केंट:

तू अजिबात नको. स्वतःचं सीओएस स्वतःला देता येत नाही. पोर्टल सांभाळणाऱ्या "लेव्हल वन युजर" पैकी निदान एकजण फर्मचा कर्मचारी आणि इथला नागरिक किंवा सेटल्ड (कायम राहण्याची परवानगी असलेला) असावा लागतो. ऑफिस मॅनेजर चालेल, अर्धवेळ असली तरी ती पगारपत्रकावर असली म्हणजे झालं. ऑथरायझिंग ऑफिसर म्हणून बॉसनी स्वतःचं नाव द्यावं, जबाबदारी शेवटी त्यांचीच असते. मॅनेजर रजेवर गेली तर अडायला नको, म्हणून लायसन्स आलं की भागीदारालाही पोर्टलवर जोडून घ्या. मॅनेजरला काही अडलं तर मला खासगी निरोप करायला सांग, पोर्टल कुठे कसं उघडतं ते मी स्क्रीनवर दाखवीन.