पाऊण फेरा कुठल्या पुस्तकात दिसतो?
'हेआन शोदान हा कराटेतला काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या चालींचा संच) पुस्तकातून शिकणं ही अलीकडची पळवाट' हे मत अर्धंच पटलं. कराटेगुरू इतोसूंनी हेआन मालिकेतले काते १९०० नंतरच्या दशकात जपानमधल्या ओकिनावाच्या शाळांसाठी बेतले. वर्गभर पोरांना एकदम शिकवायचं तर क्रम पक्का हवाच, मग तो कागदावर उतरणारच. त्यांचे शिष्य फुनाकोशी यांच्या १९२२ च्या पुस्तकात रेखाचित्रं होती. १९२३ च्या भूकंपात त्याचे छपाईचे ठसे गेले आणि १९२५ च्या आवृत्तीत फोटो आले.

पण फोटोत दिसतो तो ठोसा पूर्ण झाल्यानंतरचा क्षण. तिसऱ्या आगे-उकेनंतरच्या (हात वर उचलून वार अडवण्यानंतरच्या) पाऊण फेऱ्यात कुठला पाय सरकतो, ते कुठे दिसतं? फोंड्याला आमचे सर त्यासाठी फरशीवर खडूने रेघा आखायचे. (पावसाळ्यात त्या दहा मिनिटंही टिकत नसत.)