मदत हवी आहे: अंडी दिसतात, पण लॅम्प निगेटिव्ह

पाटण तालुक्यात (सातारा) वाड्यांवर जंतांसाठी लॅम्प (LAMP, एकाच तापमानाला जंताचा डीएनए वाढवून ओळखायची चाचणी) करतोय. बॅटरीवरचा हीटिंग ब्लॉक, ६५ अंश, ४५ मिनिटं. स्टूल सॅम्पल ९५ टक्के इथेनॉलमध्ये. डीएनए काढण्याआधी सॅम्पल दोनदा धुतो, त्यामुळे इथेनॉल उरल्याची शंका नको.

हुकवर्म (अंकुशकृमी) व्यवस्थित लागतो. अडचण ट्रायच्युरिसची (व्हिपवर्म, चाबकासारखा जंत): काटो-कॅट्झच्या (मायक्रोस्कोपखाली अंडी मोजायची पद्धत) स्लाइडवर अंडी स्पष्ट, लॅम्प मात्र निगेटिव्ह. आधी इन्हिबिशन वाटलं, म्हणजे स्टूलमधलं काहीतरी चाचणी अडवतंय असं. पण त्याच डीएनएत पॉझिटिव्ह कंट्रोल (नक्की पॉझिटिव्ह येणारा डीएनए) घातला तर तो वेळेत येतो, आणि डीएनए १:१० पातळ करूनही फरक नाही. प्रायमर (जंताचा डीएनए हेरणारे छोटे तुकडे) शुद्ध डीएनएवर चालतात, निगेटिव्ह कंट्रोल स्वच्छ. म्हणजे अंड्याचं जाड कवचच फुटत नसणार.

९५ अंशाला १० मिनिटं उकळून पाहिलं, प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) ५६ अंशाला २ तास, काचेचे मणी घालून हातानं ५ मिनिटं हलवणंही झालं. (हात दुखले, अंडी शाबूत.) बीड बीटर (मण्यांसकट ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) नाही, जनरेटर वाडीवर चढत नाही. सॅम्पल कराडला आणून करा असं कृपया सुचवू नका, निकाल त्याच दिवशी जागेवर हवा.

आता बॅटरीच्या ड्रिलला २ मिलीची ट्यूब बांधायचा विचार आहे. कुणी केलंय का? मणी गार्नेटचे की झिरकोनियाचे, किती मिमीचे, आणि ट्यूब तापू न देता किती मिनिटं फिरवायचं?